वाईनचे द्राक्ष : इतिहास, मुलूख, जाती आणि आपला हिशेब



गट ऑफिसवरच्या मेळाव्यात बेणे, खत, खोडवा हे विषय संपले की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, नाशिककडं वाईनची द्राक्षं करतेत. माल कंपनीच नेते म्हणे, बाजाराची कटकट नाही. आपल्याकडं जमंल का?" प्रश्न रास्त आहे. २०१२-१३ आणि २०१५-१६ या दोन दुष्काळांत आपल्या जिल्ह्यात उभा ऊस वाळताना सर्वांनी पाहिला. कमी पाण्यावर दोन पैसे देणारे पीक शोधण्यात गैर काहीच नाही, आणि ऊस विकास विभागाने असा प्रश्न कानाआड करावा हे तर मुळीच बरोबर नाही. मेळाव्यातल्या दोन मिनिटांत उत्तर पुरे होत नाही, म्हणून या अंकात जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी एक खुलासा. वाईन ही सौम्य असली तरी मद्यच आहे. तिच्यात साधारण १२ ते १४ टक्के मद्यार्क असतो. आपल्या सभासदांत माळकरी मंडळी पुष्कळ आहेत, त्यांच्या भावनेचा आम्हाला आदर आहे. ती प्यावी की न प्यावी हा या लेखाचा विषय नाही. एक शेतमाल म्हणून तिच्या द्राक्षाकडे कसे पाहायचे, एवढेच येथे सांगायचे आहे.

द्राक्ष आपल्या मुलखाला परके नाही

द्राक्षाच्या रसापासून वाईन करण्याचा सर्वांत जुना पुरावा काळ्या समुद्राकाठच्या जॉर्जिया देशात सापडला आहे. तो सुमारे ८,००० वर्षांपूर्वीचा. तिथून आणि इराणाकडून ही वेल दोन्ही दिशांना पसरली. पश्चिमेला ती ग्रीस, इटली, फ्रान्सकडे गेली, पूर्वेला अफगाणिस्तानमार्गे आपल्याकडे आली.

आपल्या मुलखात ती केव्हा रुजली, याची एक चांगली साक्ष आहे. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीला हलवली आणि तिला दौलताबाद नाव दिले. त्यानंतर थोड्याच वर्षांत इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी तेथे आला. दौलताबादेस द्राक्षे व डाळिंबे होतात आणि वर्षातून दोनदा फळ येते, असे त्याने लिहून ठेवले आहे. दौलताबाद जालन्याहून मोटारीने दोन तासांच्या आत आहे. म्हणजे आपल्या शेजारी द्राक्ष पिकू लागल्याला पावणेसातशे वर्षे उलटून गेली. 'वर्षातून दोनदा' हे शब्द लक्षात ठेवा, त्याचा उलगडा पुढे येईल.

द्राक्षाचा रस आंबवण्याची कलाही आपल्याकडे जुनीच. वैद्यांचे द्राक्षासव आपल्या घरात असते. मनुकांच्या काढ्यात गूळ किंवा साखर आणि धायटीची फुले घालून ते मुरवतात. धायटीच्या फुलांमुळे आंबण्याची क्रिया सुरू होते. वाईनच्या कारखान्यात तेच काम यीस्टकडून करून घेतात.

इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानात बऱ्यापैकी वाईन तयार होऊ लागली होती. १८८३-८४ साली कलकत्त्याला भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात तिचे नमुने मांडले गेले होते. पुढे फिलॉक्सेरा नावाच्या किडीने बागा बसवल्या. ही मुळावर राहणारी, माव्याच्या जातीची बारीक कीड. ती अमेरिकेतून युरोपात गेली आणि १८६० नंतर तिने फ्रान्सचे निम्म्याहून अधिक मळे उद्ध्वस्त केले. औषधाने ती आटोक्यात येईना. शेवटी तोड निघाली ती कलमाची. अमेरिकेतल्या रानवेलीच्या मुळाला ही कीड मारू शकत नाही, म्हणून मूळ अमेरिकन आणि वरचा डोळा युरोपातल्या चांगल्या जातीचा, अशी पद्धत जगभर पडली. आज महाराष्ट्रात आपण 'डॉगरिज'च्या खुंटावर कलम भरतो, तो खुंट मूळचा अमेरिकनच. आपल्याकडे मात्र तो मुख्यतः खारवट जमीन आणि पाण्याचा ताण सोसतो म्हणून वापरतात.

महाराष्ट्रातला प्रवास

स्वातंत्र्यानंतर बराच काळ दारूबंदीचे वातावरण होते, त्यामुळे या धंद्याने डोके वर काढले नाही. १९७० च्या दशकात बारामतीजवळ द्राक्षापासून वाईन तयार होऊ लागली. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी जुन्नर तालुक्यातल्या नारायणगाव येथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फसफसणारी वाईन काढली आणि ती परदेशी पाठवली. १९८८ मध्ये कंवल ग्रोवर यांनी बंगळूरजवळच्या नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी मळा सुरू केला. नाशिकला राजीव सामंत यांनी 'सुला'चा मळा उभा केला, त्याची पहिली वाईन २००० साली बाजारात आली.

२००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. राज्यातल्या द्राक्षापासून केलेल्या वाईनला उत्पादन शुल्कात सवलत दिली, परवाने सुलभ केले, नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन पार्क काढले. अनेक बागायतदारांनी कर्ज काढून स्वतःच्या छोट्या वायनरी उभ्या केल्या. हजारो एकर वाईनचे द्राक्ष लागले.

मग २००८ ची जागतिक मंदी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, पर्यटक आटले, हॉटेले ओस पडली. टाक्या आधीच्या वर्षीच्या वाईनने भरलेल्या, नवा माल घ्यायला जागा नाही आणि पैसाही नाही. नारायणगावचा तो नावाजलेला उद्योग आर्थिक अडचणीत येऊन पुढे बंद पडला. विंचूरच्या कित्येक छोट्या वायनरींना कुलूप लागले. वेलीवर द्राक्ष तयार आणि घ्यायला कोणी नाही, अशी पाळी बागायतदारावर आली. पुष्कळांनी बागा तोडल्या, काहींनी त्याच खुंटावर खाण्याच्या जातीचे कलम भरले.

धंदा त्यातून पुन्हा सावरला. 'नाशिक व्हॅली वाईन'ला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. 'सुला' डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात गेली. पण २००९-१० च्या त्या दोन हंगामांत नुकसान कोणाचे झाले आणि का झाले, हे समजून घेतल्याशिवाय आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

कोणत्या मुलखात पिकते

देशातल्या वाईनचा मोठा वाटा महाराष्ट्राचा आणि त्यातही नाशिकचा आहे. नाशिक, दिंडोरी, निफाड, इगतपुरी हा टापू समुद्रसपाटीपासून साधारण दोन हजार फूट उंच. दिवसा ऊन, रात्री थंडी. दिवसाच्या उन्हाने साखर भरते आणि रात्रीच्या थंडीने फळातले आम्ल टिकते. वाईनला दोन्ही लागतात. नुसती गोडी असली आणि आंबटपणा गेला तर वाईन सपक होते.

दुसरा टापू पुणे जिल्ह्यातला नारायणगाव-जुन्नर आणि बारामतीचा. तिसरा सांगली-सोलापूरचा. आपल्याला यातले अकलूजचे उदाहरण जवळचे वाटेल. माळशिरस तालुका म्हणजे उसाचा आणि सहकारी साखर कारखान्याचा मुलूख. तेथे मोहिते-पाटील घराण्यातील मंडळींनी इटालियन भागीदारांबरोबर 'फ्रातेल्ली' ही वायनरी काढली. उसाच्या काळ्या रानाला हात न लावता गारवाड, मोटेवाडीच्या हलक्या माळरानावर वेल लावली.

राज्याबाहेर कर्नाटकात नंदी टेकड्या व विजापूरचा भाग आणि तमिळनाडूत कंबम खोरे ही नावे घेण्यासारखी आहेत.

जातीजातींतला फरक

को ८६०३२ आणि फुले २६५ यांत काय फरक आहे ते सभासदांना सांगायला नको. द्राक्षातही जात बघूनच सगळे ठरते.

खाण्याच्या द्राक्षांत पूर्वी नाशिककडे भोकरी, फकडी, साहेबी या बियांच्या जाती होत्या. मग अनाबेशाही आली, नंतर बिनबियांची थॉमसन सीडलेस आली आणि तिने बाजार काबीज केला. थॉमसनमधूनच आपल्या बागायतदारांनी निवड पद्धतीने नव्या जाती काढल्या. तासगाव भागात वसंतराव आर्वे यांनी तास-ए-गणेश काढली. सोलापूरजवळ नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका काढली, आणि काळ्या द्राक्षांतली शरद सीडलेस हीही त्यांचीच. बागेत फिरताना वेगळी फांदी नजरेत भरली, ती जपली, वाढवली आणि तिची जात झाली. शेतकऱ्याची नजर हीसुद्धा प्रयोगशाळाच असते, हे यावरून दिसते.

वाईनच्या जाती निराळ्या. पांढऱ्या वाईनसाठी आपल्याकडे शेनिन ब्लाँक व सोव्हिन्यों ब्लाँक या मुख्य. दोन्ही मूळच्या फ्रान्सच्या. लाल वाईनसाठी कॅबर्ने सोव्हिन्यों, शिराझ, मर्लो आणि कॅलिफोर्नियातून आलेली झिनफँडेल. हे मणी बारीक, हरभऱ्यापेक्षा थोडे मोठे. साल जाड, आत बिया आणि चव उग्र. लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा सालीतूनच येतो, म्हणून मणी बारीक असलेला बरा. रसाच्या मानाने साल जास्त मिळते.

येथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट येते. थॉमसन किंवा सोनाका पिकवली आणि भाव पडला, तर ती मोंढ्यात जाते, परदेशी जाते, काहीच नाही तर शेडवर वाळवून बेदाणा होतो. तीन दरवाजे आहेत. कॅबर्ने किंवा शिराझला एकच दरवाजा, वायनरीचा. तो बंद झाला की बारीक, बियाळ, जाड सालीचे ते द्राक्ष हातगाडीवरही खपत नाही. २००९-१० मध्ये नेमके हेच झाले.

रस, साखर आणि उतारा

ऊस तोडल्यापासून गाळपाला जाईपर्यंत उशीर झाला की उतारा घटतो, हे आम्ही नेहमी सांगतो. कारण उसातली मूळ साखर फुटून तिची ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि त्यांचे दाणे पडत नाहीत. द्राक्षात हे फुटणे वेलीवरच झालेले असते. पानातून आलेली साखर मण्यात शिरली की तिचे दोन भाग होतात. म्हणून द्राक्षाच्या रसातून पोत्यात भरण्याजोगी साखर निघत नाही. पण यीस्टला हीच साखर आयती लागते. ती साखर खाते, तिच्यापासून मद्यार्क आणि कर्बवायू होतो. एक लिटर रसातल्या साधारण १७ ग्रॅम साखरेमागे १ टक्का मद्यार्क तयार होतो. उसासारखेच येथेही ब्रिक्स मोजतात. २२ ते २४ ब्रिक्सला द्राक्ष तोडले की १२ ते १४ टक्क्यांची वाईन होते.

एक टन उसापासून १०० ते ११० किलो साखर मिळते. एक टन द्राक्षापासून सुमारे ६०० ते ७०० लिटर वाईन मिळते. पांढऱ्या वाईनला आधी रस काढून तोच थंड टाकीत आंबवतात. लाल वाईनला साल, बी, रस एकत्र आंबवून मग दाबतात. द्राक्षही तोडले की त्याच दिवशी चरकात जायला हवे. पहाटे तोड, दुपारच्या आत कारखाना, हा तेथला नियम. उसाला एक दिवस निभावतो, द्राक्षाला तेवढीही मुभा नाही.

दोन छाटण्या, एक पीक

युरोपात थंडीत बर्फ पडतो, वेल झोपी जाते, वर्षाला एकच छाटणी होते. आपल्याकडे वेलीला झोपच नाही. मोकळी सोडली तर ती केव्हाही फुटते, म्हणून तर इब्न बतूताला दोनदा फळ दिसले. वर्षाला दोन पिके घेतली की वेल थकते आणि पावसाळ्यातले फळ रोगाने जाते. त्यामुळे आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करून घेतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून फळ घेतो. काडीत घड एप्रिल-मेच्या उन्हात धरला जातो, दिसतो मात्र दिवाळीच्या आसपास. म्हणजे उन्हाळ्यात पाणी कमी पडले तर त्याचे नुकसान पुढच्या फेब्रुवारीत कळते.

डाऊनी, भुरी, करपा, मिलीबग यांच्या फवारण्यांचा खर्च दोन्ही प्रकारांत आहे. वाईनच्या द्राक्षाला मणी फुगवण्याची जीएची बुडवणी आणि विरळणी लागत नाही, तेवढी मजुरी वाचते. पण एकरी माल कमी धरावा लागतो. खाण्याचे द्राक्ष एकरी दहा टनांच्या आसपास काढतात, वाईनचे त्याच्या निम्म्याच्या जवळपास ठेवतात, कारण घड जास्त झाले की रस पातळ होतो.

पाण्याचा हिशेब

उसाला हंगामभर १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते, द्राक्षाला ५०० ते १,२०० मिलिमीटर. एक एकरावर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे ४,००० लिटर. २,००० मिलिमीटरचा ऊस एकरी ८० लाख लिटर पाणी पितो. ठिबकवरची द्राक्षबाग ६०० मिलिमीटरमध्ये बसवली तर २४ लाख लिटर. तिपटीहून अधिक फरक आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पण द्राक्षाचे थोडे पाणीही वेळेवर आणि दरसाल लागते. एका वर्षी ऊस वाळला तर पुढच्या वर्षी नवी लागण करता येते. द्राक्षबाग पंधरा वर्षांची. मांडव, तार, ठिबक, कलम यांचा खर्च एकरी लाखांत जातो. बाग एकदा वाळली की तो सगळा खर्च मातीत जातो.

उसामागे कायदा, द्राक्षामागे फक्त करार

आपण ऊस घालतो त्याला एफआरपी आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. पैसे थकले तर साखर आयुक्तांकडे दाद मागता येते. शिवाय कारखाना आपल्या भागभांडवलावर उभा आहे. सर्वसाधारण सभेत सभासदाला उभे राहून विचारता येते.

वाईनच्या द्राक्षाला यातले काहीही नाही. जे करारात लिहिले तेवढेच. करारात नसेल तर वायनरीच्या मालकाच्या मर्जीवर.

कडवंचीकडून काय घ्यावे

द्राक्ष आपल्या जिल्ह्यात होते का, हा प्रश्न आता उरलेलाच नाही. जालना तालुक्यातल्या कडवंचीने तो सोडवला आहे. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, मराठवाडा शेती सहाय्य मंडळ आणि खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र यांच्या सहकार्याने, विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे १९९६ पासून माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती झाली. आधी पाणी अडवले, मग शेततळी झाली, मग ठिबक, आणि त्यानंतर द्राक्ष आले. हा क्रम महत्त्वाचा आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात कडवंचीच्या बागा शेततळ्याच्या पाण्यावर जगल्या. तेथे प्रामुख्याने खाण्याची द्राक्षे आहेत, कारण त्यांना तीन दरवाजे आहेत.

आमचा सल्ला

१. ऐकीव माहितीवर उभा ऊस मोडून वाईनचे द्राक्ष लावू नये.

२. ज्यांची जमीन हलकी, निचऱ्याची आहे, शेततळ्यात उन्हाळ्यापुरते पाणी खात्रीने आहे आणि घरात छाटणी-फवारणीकडे बघणारा माणूस आहे, त्यांनी अर्धा-एक एकर खाण्याच्या द्राक्षापासून सुरुवात करावी. गोदाकाठच्या खोल काळ्या, पाणी धरणाऱ्या रानात द्राक्षाच्या मुळ्या गुदमरतात, तेथे ऊसच बरा.

३. त्याआधी कडवंचीला जाऊन या. नुसती फेब्रुवारीत घड लगडलेली बाग पाहू नका. मे महिन्यात जा, शेततळ्यात किती पाणी आहे आणि खरड छाटणीला किती माणसे लागतात ते पाहा.

४. वाईनच्या द्राक्षाचा करार कोणी घेऊन आला तर सहीपूर्वी एवढे कागदावर मागा : दर कोणत्या ब्रिक्सला आणि त्याच्या खाली-वर गेल्यास किती, वजन कोठे होणार, तोडणी व वाहतूक कोणाची, पैसे किती दिवसांत, करार किती वर्षांचा, आणि वायनरीने माल घ्यायला नकार दिला तर भरपाई काय. शेवटच्या कलमाचे उत्तर गुळमुळीत आले तर चहा पाजून पाहुण्याला निरोप द्यावा.

५. वायनरी किती लांब आहे ते मोजा. पहाटे तोडलेला माल दुपारच्या आत पोचत नसेल तर पुढे विचार करू नये.

६. उसाचे क्षेत्र आहे तेवढे ठिबकवर आणा, पाचट जाळू नका, आच्छादन करा. ठिबकाने उसाचे पाणी तिसऱ्या हिश्श्याने ते निम्म्यापर्यंत वाचते. वाचलेल्या त्या पाण्यावरच उद्याची फळबाग उभी राहील.

ऊस विकास विभागाने द्राक्षाची माहिती द्यावी याचे कोणाला नवल वाटेल. परंतु सभासदाच्या विहिरीत पाणी टिकले तर कारखान्याच्या गव्हाणीत ऊस येणार. दहा एकर उसाला पाणी पुरत नसताना दहा एकर लावण्यापेक्षा सहा एकर ऊस भरघोस आणि एक एकर फळबाग, हा हिशेब सभासदाला आणि कारखान्याला, दोघांनाही परवडणारा आहे. गट ऑफिसला आपल्या सात-बारासह आणि माती-पाणी तपासणीच्या अहवालासह या. आपली जमीन कोणत्या पिकाची, हे आपण बसून ठरवू.

— ऊस विकास अधिकारी